चोपड्याची ब्रॉडबँड कंपनी: वाढ कुठल्या दिशेने, आणि सामाजिक काम कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातले एक केबलवाले भाऊ. टीव्ही केबलचं डिजिटायझेशन झालं, त्यानंतर ते ब्रॉडबँडमध्ये उतरले. आज चोपडा, यावल आणि धरणगाव मिळून नऊ हजारांच्या आसपास कनेक्शन, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि जळगावपुरता 'क' वर्गाचा आयएसपी (इंटरनेट पुरवठादार) परवाना आहे. त्यांनी चार गोष्टी विचारल्यात. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामावर खर्च करायचा नियम, आम्हाला लागू होतो का? धुळे-नंदुरबारकडे वाढावं की आहे तिथेच पाय घट्ट रोवावेत? सामाजिक काम करायचं तर कोणतं, कारण मित्र म्हणतात अँब्युलन्स द्या आणि ऑफिसातली पोरं म्हणतात क्रिकेट स्पर्धा भरवा. आणि वडिलांच्या नावाने ट्रस्ट काढावा का?

खान्देशात नेटवर्क उभारणं आणि लहान आयएसपींना सल्ला देणं हेच माझं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी सीएसआर बंधनकारक होतो. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. आता तुमचा हिशोब मांडू. जीएसटी सोडून सरासरी बिल ४५० रुपये धरलं, तर एका कनेक्शनचे वर्षाला ५,४०० आणि नऊ हजारांचे ४ कोटी ८६ लाख झाले. म्हणजे तुमची उलाढालच अजून पाच कोटींना टेकलेली नाही. त्यात १२ ते १५ टक्के नफा उरला तर तो साठ-सत्तर लाख. याच बिलावर आणि १५ टक्के नफ्यावर ५ कोटी गाठायचे म्हटले तर साठ हजारांवर कनेक्शन लागतील. तेव्हा कायदा तुम्हाला लागू नाही. 'सीएसआर रिटर्न भरून देतो' म्हणत फी मागणारा कुणी आला असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण याच हिशोबात एक गोष्ट दिसते. कायदा लागू असता तरी तुमचे २ टक्के म्हणजे वर्षाला सव्वा-दीड लाख रुपये. अँब्युलन्सचा ड्रायव्हरही तेवढ्यात वर्षभर पुरत नाही. तेव्हा सामाजिक काम निवडताना पहिला प्रश्न 'काय शोभेल' हा नाही. सव्वा लाखात, दरवर्षी, न तुटता काय चालू राहील, हा आहे.

पुढे कधी कायद्याच्या कक्षेत गेलात तर आत्तापासून माहीत असावं म्हणून सांगतो. धंद्याच्या नेहमीच्या ओघात होणारं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम धरत नाहीत. जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप धरत नाहीत. राजकीय पक्षाला दिलेले पैसे तर नाहीतच. खर्चाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमायची गरज नसते, संचालक मंडळच ते काम बघतं. कलम १३५ खालचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेला कर वळता करून घेणं) मिळत नाही. तुमच्या धंद्यात यामुळे एक खास पेच येतो. शाळेला फुकट दिलेलं इंटरनेट हा तुमचाच माल, तुमच्याच धंद्याच्या ओघातला. तो सीएसआरमध्ये दाखवला की वाद उभा राहू शकतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कनेक्शन सरळ कंपनीतर्फे सवलत म्हणून द्या, त्याचा भाव लावून सामाजिक खर्च फुगवू नका. रोख पैसा शिक्षणावर, माणसांवर, वस्तूंवर लावा आणि तोच सामाजिक खर्च म्हणून लिहा. कायदा लागू नसला तरी वह्या अशाच ठेवायच्या.

आता वाढीचं बोलू.

चोपड्याला बसून नकाशा बघा. सातपुड्याच्या पायथ्याने अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग जातो. अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ही सगळी गावं त्या एका रस्त्यावर ओवलेली आहेत. तापीच्या दक्षिणेला सुरत-भुसावळ रेल्वे लाइन आहे. तिच्यावर नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव येतं. म्हणजे खान्देशाचे दोन कणे तापीच्या दोन काठांनी समांतर जातात आणि मधे नदी आहे. तुमची आजची सगळी वाढ उत्तरेकडच्या कण्यावर आहे, धरणगाव तेवढं नदीपलीकडे.

तुमच्या प्रश्नात एक ओळ होती, 'आम्ही रिंग केली आहे, तरी महिन्यातून दोनदा सगळं बंद पडतं.' रिंग म्हणजे एक वाट तुटली तरी दुसरीने सिग्नल यावा अशी गोल जोडणी. ती ओळ वाचूनच मला शंका आली आणि तुम्ही पाठवलेल्या नकाशाने ती खरी ठरली. तुमच्या रिंगच्या दोन्ही बाजू तापीवरच्या एकाच पुलावरून जातात. कागदावर ती रिंग आहे, पण जमिनीवर ती एकेरी लाइनच आहे. पुलाच्या तोंडाशी रस्त्याचं काम निघालं, जेसीबीचा दात लागला, की दोन्ही वाटा एकदम गेल्या. तापीवर पूल मोजकेच आहेत, त्यामुळे ही चूक या भागात फार जणांची होते. दुसरी वाट पूर्वेला भुसावळकडून घ्या, किंवा पश्चिमेला शिरपूरजवळ आग्रा महामार्ग नदी ओलांडतो तिकडून. अंतर वाढेल, भाडं वाढेल, पण रिंग खरी होईल.

अपलिंकचं, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या लाइनचंही तसंच. दोन पुरवठादारांकडून बँडविड्थ घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असं होत नाही, कारण बऱ्याचदा दोघांची फायबर एकाच खड्ड्यातून येते. रेलटेलची फायबर रूळांच्या कडेने जाते, पॉवरग्रिडची विजेच्या मनोऱ्यांवरून. या दोन्हींचा स्वभाव रस्त्याकडेच्या फायबरपेक्षा वेगळा आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात जळगाव-धुळे पट्ट्यात रस्त्याकडेची फायबर किती वेळा उखडली गेली ते तुम्ही पाहिलंच आहे. एक अपलिंक रूळावरची घ्या, दुसरी रस्त्यावरची. करार करताना 'कोणत्या वाटेने येणार' हे नकाशासह लिहून घ्या. विक्रीवाला तोंडी सगळंच कबूल करतो.

आता ऊन. कंपन्यांची मॅन्युअल ज्या देशांत लिहिली जातात तिथे भुसावळचा मे महिना नसतो. आपल्याकडे बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या ओएलटीच्या (सगळ्या ग्राहकांना सिग्नल पाठवणारं मुख्य यंत्र) भोवती पन्नाशी ओलांडलेली असते. पुष्कळशी यंत्रं ४५ ते ५० अंशांपर्यंतच चालण्याची हमी देतात. शिवाय बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीचा साधा नियम आहे की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे पाच वर्षं चालेल म्हणून घेतलेली बॅटरी चोपड्यात दीड-दोन वर्षांत दम तोडते, आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. उपाय साधे आहेत. पत्र्याऐवजी स्लॅबची, उत्तरेकडे तोंड असलेली खोली भाड्याने घ्या, छताला पांढरा चुना किंवा कूल कोट लावा, वर गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट आणि खाली जाळीतून आत येणारी हवा ठेवा. एसीच्या भरवशावर राहू नका, कारण लाइट जाते तेव्हा एसीही जातो आणि इन्व्हर्टरवर चालणारं यंत्र त्याच बंद खोलीत भाजत राहतं. बॅटरी बदलायची वेळ आली की लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. सुरुवातीला महाग वाटते, पण उन्हात टिकते.

खेड्यातलं गणितही शहरापेक्षा वेगळं आहे. जीपॉन म्हणजे एक फायबर वाटून अनेक घरांना द्यायची पद्धत. तिच्या बी प्लस मॉड्यूलला २८ डीबीचं बजेट असतं, म्हणजे वाटेत प्रकाशाची एवढीच घट चालते. १:६४ वाटणी केली की २१ डीबीच्या आसपास स्प्लिटरमध्येच (वाटणी करणाऱ्या डबीतच) जातात. जॉइंट, कनेक्टर मिळून तीन, पुढे फायबर जुनी होईल म्हणून दोन राखून ठेवले, तर अंतरासाठी दोनच उरतात. किलोमीटरला ०.३५ धरले तर सहा किलोमीटर संपले. केळीच्या पट्ट्यात गावं दोन-तीन किलोमीटरवर असतात, पण शेतातल्या वस्त्या लांब विखुरलेल्या असतात. तिथे १:३२ करा. वाटणीत साडेतीन डीबी वाचतात आणि तेवढ्यात दहा किलोमीटर जास्त मिळतात. पोर्ट जास्त लागतील, लागू देत. आज तुमची पोरं ग्राहकाकडे जाऊन ओएनयूवर (घरात बसवलेल्या फायबरच्या डब्यावर) उणे २७, उणे २८ पॉवर दाखवत 'चालतंय ना' म्हणून परत येत असतील, तर ते कनेक्शन पहिल्या पावसात पडणारच आहे. नव्या जोडणीला उणे २४ पेक्षा वाईट पॉवर स्वीकारायची नाही, असा नियम करा.

हे सगळं सांगितल्यावर विस्ताराच्या प्रश्नाचं माझं उत्तर तुम्हाला कळलंच असेल. आधी वर्षभर आहे ते पक्कं करा, मग शिरपूर आणि शहाद्याकडे जा. पायथ्याच्या त्याच रस्त्याने, सलग. जळगाव शहरात शिरू नका, तिथे मोठ्या कंपन्या एकमेकांचे भाव पाडत बसल्या आहेत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर मोबाइल डेटाचे भाव कसे कोसळले ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि आता ५जीवरचं घरगुती वायरलेस इंटरनेटही तालुक्याच्या गावांपर्यंत येतंय. त्यांच्याशी भावावर लढता येत नाही. तक्रारीवर लढता येतं. संध्याकाळी सातला गेलेली लाइन रात्री नऊपर्यंत सुरू करणारा, फोनवर अहिराणीत बोलणारा माणूस त्यांच्याकडे नाही. तो तुमच्याकडे आहे, आणि विस्ताराच्या नादात तोच आधी हरवतो.

जिल्ह्याबाहेर जायला परवाना बदलावा लागेल. 'क' वर्ग एका एसएसएपुरता (दूरसंचार खात्याचा साधारण जिल्ह्याएवढा विभाग) असतो, 'ब' वर्गात पूर्ण दूरसंचार सर्कल येतं, म्हणजे मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने परवान्यांची जुनी रचनाच बदलायला घेतली आहे, त्यामुळे अर्जापूर्वी त्या दिवशी लागू असलेले नियम वाचून घ्या. खांब आणि खोदाईच्या परवानगीसाठी मात्र चित्र आता बरंच स्पष्ट आहे. राइट ऑफ वेचे २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत. महावितरणच्या खांबांवर विनापरवाना वायरी टाकून 'सगळेच टाकतात' म्हणणं सोडा. नोंदी ठेवण्याचंही बघा. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ग्राहकांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. शहाद्यातून सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि 'आमच्याकडे लॉग नाही' म्हणालात, तर सगळी वाढ एका दिवसात गोत्यात येईल.

आणि इथूनच सामाजिक जबाबदारीचा विषय सुरू होतो. अँब्युलन्सपासून नाही.

दूरसंचार कंपनीची पहिली सामाजिक जबाबदारी तिच्या लाइनमनची असते. आपल्या भागात फायबर जमिनीखाली कमी आणि खांबांवरून जास्त जाते. खांबावर वीज असते. पावसाळ्यात, संध्याकाळी, 'बँकेचं कनेक्शन बंद आहे, लवकर कर' असा फोन आला की पोरगा बेल्ट न लावता चपलांवर चढतो. त्या वेळी कंपनीचा मालक जे बोलतो तीच कंपनीची सीएसआर पॉलिसी, छापील पुस्तिकेत काहीही असो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, पगार २१,००० पर्यंत असलेल्यांना. वीस झाली की पीएफ. ही दानधर्माची बाब नाही, कायद्याची आहे, आणि 'ती तर फ्रँचायझीची माणसं' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. तुमच्या कराराखाली काम करणाऱ्या प्रत्येक एलसीओच्या (स्थानिक केबलवाल्याच्या) पोरांची यादी करा. प्रत्येकाला बेल्ट, इन्सुलेटेड हातमोजे, हेल्मेट, विजेचा अंदाज देणारा टेस्टर आणि अपघात विमा द्या. आणि लेखी नियम करा: महावितरणच्या लाइनमनने लाइन बंद केल्याशिवाय त्या खांबावर चढायचं नाही, मग ग्राहक आमदार असला तरी. सव्वा लाखातला पहिला हप्ता इथे गेला तर मला चालेल, फक्त तो 'सामाजिक खर्च' म्हणून लिहू नका. तो तुमचा धंद्याचा खर्च आहे.

दुसरी गोष्ट लोंबणाऱ्या वायरी. कापसाच्या भरलेल्या गाड्या, केळीचे ट्रक, गणपतीच्या उंच मूर्ती, यांच्या उंचीवर आपल्या वायरी असतात. तुटतात, मग त्याच गाठी मारून वर टांगतात. मेलेल्या वायरी कुणी काढत नाही, कारण त्या कुणाच्या ते कुणाला माहीत नसतं. चोपडा शहरातल्या एका वॉर्डातल्या मृत वायरी काढायला दोन पोरं आणि एक शिडी चार-सहा दिवसांत पुरेल. नगरपालिकेला पत्र द्या, बाकीच्या केबलवाल्यांना कळवा आणि काढा. लोकांना अँब्युलन्सपेक्षा हे जास्त दिसेल, कारण ते रोज डोक्यावर असतं. वायरीवर कंपनीचं नाव आणि नंबर असलेला टॅग लावायलाही हीच वेळ.

आता खरा सामाजिक खर्च. गावोगाव अभ्यासिका निघाल्यात. पोलीस भरती, एमपीएससी, तलाठी, रेल्वे, जे येईल त्याचा अभ्यास करणारी पोरंपोरी सकाळी सहापासून तिथे बसतात. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत ट्यूबलाइट, पाण्याचा माठ आणि जुन्या प्रश्नपत्रिका. अशा पाच अभ्यासिका तुमच्या आजच्या जाळ्यातल्या गावांतून निवडा. कनेक्शन सवलतीत द्या, आणि रोख पैसा एका इन्व्हर्टरवर, एका प्रिंटरवर आणि वर्षभराच्या कागद-शाईवर लावा. अर्ज भरायच्या दिवसांत हॉल तिकिटाची एक प्रिंट काढायला पोरांना तालुक्याला जावं लागतं, भाड्यात पन्नास-साठ रुपये मोडतात आणि दिवस जातो. प्रिंटर ही काही कुणी फीत कापायला येईल अशी वस्तू नाही. म्हणूनच ती कुणी देत नाही.

दुसरं काम तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. ऑनलाइन फसवणूक. केवायसी बंद होईल, वीजबिल थकलंय, पार्सलमध्ये काहीतरी सापडलंय, डिजिटल अरेस्ट. हे फोन केळीवाल्या शेतकऱ्यांना येतात, कारण माल गेल्यावर त्यांच्या खात्यात मोठी रक्कम येते. निवृत्त शिक्षकांनाही येतात. १९३० हा हेल्पलाइन नंबर किती जणांच्या फोनमध्ये सेव्ह आहे ते एकदा तुमच्याच ग्राहकांना विचारून बघा. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात तिथे कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच असते, दुसऱ्या दिवशी ती फारच कमी होते. तुमची पोरं दर महिन्याला शेकडो घरांत जातात. जोडणी झाली, राउटर लावला, की दोन मिनिटं काढून १९३० सेव्ह करून द्यायचा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे अहिराणीत सांगायचं, आणि संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते कसं बघायचं ते दाखवायचं. याला पैसा जवळजवळ लागत नाही, पोरांना एक दिवसाचं शिकवणं लागतं. राउटरच्या डब्यावर हा नंबर मराठीत छापलेलं स्टिकर चिकटवा, कंपनीच्या लोगोपेक्षा मोठ्या अक्षरात.

सातपुड्यातल्या पाड्यांबद्दल तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून तिथे जरा थांबतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज रेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडे त्याच आधारवर अंगठा लागतो, आणि अंगठा लागायला नेटवर्क लागतं. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज मिळते अशा टेकडीवर जाऊन कामं उरकावी लागतात, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा तिथे काही करावंसं वाटणं बरोबर आहे. पण खर्चाचा स्वभाव समजून घ्या. यंत्र बसवणं सोपं, चालू ठेवणं अवघड. ग्रामपंचायतीत बसवलेली सरकारी उपकरणं वीजबिल थकलं, बॅटरी गेली, किंवा बघणाराच कुणी नव्हता म्हणून धूळ खात पडलेली तुम्हीही पाहिली असतील. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी केंद्राची योजना, भारतनेट, २०११ मध्ये नोफन या नावाने मंजूर झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमाला १.३९ लाख कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, आणि या सुधारणेत देखभालीवर वेगळा भर द्यावा लागला. केंद्र सरकारला जो धडा घ्यायला बारा वर्षं लागली तो तुम्ही फुकट घ्या.

म्हणून डोंगरात एकच गाव घ्या, आणि तेही शहाद्यापर्यंत तुमचं स्वतःचं जाळं पोचल्यावर. वनजमिनीतून फायबर न्यायची तर वनखात्याची परवानगी लागते आणि त्यात वर्ष जातं, त्यामुळे सुरुवात पायथ्याच्या टॉवरवरून वायरलेस लिंकने आणि सौर पॅनलने करा. गाव निवडताना आश्रमशाळा किंवा आरोग्य उपकेंद्र असलेलं निवडा, म्हणजे लिंकचा वापर होईल आणि बिघडली की कुणीतरी ओरडेल. पाच वर्षांचा चालू खर्च, बॅटरी बदलण्यासह, आधीच बाजूला काढून ठेवा. तो निघत नसेल तर गाव घेऊ नका. तिथली देखभाल पावरी (तिथली आदिवासी बोली) बोलणाऱ्या स्थानिक पोराला शिकवा. आयटीआय झालेला शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येतो. शिकाऊ उमेदवारी कायद्यात चार माणसांपासूनच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, तीस माणसांवर बंधनकारक. वर्षभरात तो स्प्लायसिंग (तुटलेली फायबर जोडणं), पॉवर मीटर, रेडिओची दिशा सगळं शिकतो, आणि पुढे तळोदा-अक्कलकुव्याकडे वाढायचं म्हणाल तेव्हा तोच तुमचा माणूस असतो. 'आम्ही सातपुडा जोडला' असं मात्र पुस्तिकेत लिहू नका. एक गाव जोडलं तर एक गाव लिहा.

क्रिकेट स्पर्धा भरवा, हरकत नाही. पोरं खेळतील, तुमचं नाव होईल. पण ती जाहिरात आहे आणि जाहिरातीच्या खात्यात लिहा. तसंच वर्गणी. दहीहंडी, नवरात्र, सप्ताह, आणि ज्यांच्या गल्लीतून वायर न्यायची त्यांच्या मंडळाची पावती, ही खान्देशात धंदा करायची पट्टी आहे असं म्हणा हवं तर. ती समाजकार्यात मिसळली की वर्षाच्या शेवटी तुम्हालाच कळत नाही आपण खरोखर काय केलं. अँब्युलन्सचं तर मी नाहीच म्हणेन. गाडी देणारे पुष्कळ आहेत, डिझेल-ड्रायव्हर देणारे नाहीत. गाडी दारात उभी राहून गंजली की नाव तुमचंच खराब होणार.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सुचवतो. अमळनेर तुमच्या शेजारीच आहे. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, पुढे तिची विप्रो झाली. त्या गावात ज्यांनी सुरुवातीचे शेअर घेऊन जपून ठेवले त्यांच्या पिढ्यांचं काय झालं ते सांगायला नको. तुमची कंपनी विप्रो होईल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या जाळ्याचा अर्धा भार जे एलसीओ वाहतात त्यांना आज फक्त कमिशन मिळतं, आणि मोठी कंपनी दोन रुपये जास्त देईल त्या दिवशी ते ग्राहकांसकट जातील. दहा वर्षं टिकलेल्या एलसीओंना आणि जुन्या लाइनमनना कंपनीत थोडा हिस्सा द्यायचा विचार करा. चार-पाच टक्क्यांनी तुमचा ताबा जात नाही. सीएला विचारून भागभांडवलाची रचना आत्ताच नीट केलीत तर बाहेरचा गुंतवणूकदार येईल तेव्हा अडचण येणार नाही.

राहिला ट्रस्ट. आत्ता काढू नका. सार्वजनिक न्यास नोंदवायला धर्मादाय कार्यालयात जावं लागेल, दरवर्षी हिशोब तपासून द्यावे लागतील, फेरफार दाखल करावे लागतील, संस्थेला आणि देणगीदारांना आयकरात सूट मिळवून देणाऱ्या नोंदण्या घ्याव्या लागतील. दुसऱ्या कंपन्यांचा सीएसआरचा पैसा घ्यायचा असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरावा लागेल, आणि तुम्ही त्यांनी काढलेली संस्था नसल्यामुळे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागेल. सव्वा लाखाच्या कामासाठी वीस-पंचवीस हजारांचा कारकुनी खर्च होईल. त्याऐवजी संचालक मंडळाचा ठराव करा: दरवर्षी नफ्याच्या २ टक्के, वेगळ्या बँक खात्यात, एप्रिलमध्ये वर्ग करायचे, खर्च अभ्यासिका आणि फसवणूक जागृती या दोनच कामांवर, आणि मार्चअखेरीस एका पानाचा हिशोब ऑफिसच्या बाहेर लावायचा. वडिलांचं नाव द्यायचं तर पहिल्या अभ्यासिकेला द्या, ग्रामसभेच्या संमतीने. तीन वर्षं हे न तुटता चाललं आणि खात्यात वर्षाला दहा लाख यायला लागले, की ट्रस्टचा कागद सीएकडून करून घ्या. तोपर्यंत तुम्ही कलम १३५ च्याही जवळ आलेले असाल.

दुसऱ्या वाटेच्या पुलाचा सर्व्हे झाला की ओटीडीआरचे (फायबरची लांबी आणि बिघाडाची जागा मोजणारं यंत्र) रिपोर्ट पाठवा, शिरपूरकडच्या वाटेचं अंतर मी तपासून सांगतो.